मृगाच्या पोटातली पेरणी

जानेवारीत वाशिम जिल्ह्यातल्या शेतकऱ्याची रात्र बऱ्याचदा शेतातच जाते. हरभऱ्याला पाणी द्यायचे असते आणि शेतीपंपाची वीज रात्रपाळीत आलेली असते. स्प्रिंकलरचे पाइप एका पट्ट्यातून दुसऱ्या पट्ट्यात हलवायचे, मोटार बंद पडली की विहिरीकडे धावायचे, मधल्या वेळात धुऱ्यावर शेकत बसायचे. दहाच्या सुमारास मान वर केली, की दक्षिणेला बऱ्याच उंचीवर मृग दिसतो. चार कोपऱ्यांना चार ठळक तारे, मधोमध तिरक्या ओळीत तीन, आणि खाली डावीकडे लखलखणारा व्याध. ज्याच्या नावावर खरिपाची पेरणी होते तो हा. गंमत अशी, की जूनमध्ये गावभर ‘मृग लागला’ म्हणतात तेव्हा तो दिसतच नाही, कारण सूर्य त्याच्याच अंगणात उतरलेला असतो. मृगाची भेट थंडीतच.

त्या तिरक्या तीन ताऱ्यांच्या खाली आणखी एक लहान, उभी ओळ आहे. तिच्यातला मधला ठिपका नीट पाहिला तर टोकदार दिसत नाही. काचेवर कुणी फुंकर मारावी तसा धुरकट दिसतो. साध्या दुर्बिणीतूनही तिथे पिसासारखा पसरलेला उजेड दिसतो. हा मृगातला तेजोमेघ. आपल्यापासून सुमारे तेराशे प्रकाशवर्षे दूर असलेल्या या वायू आणि धुळीच्या ढगात ताऱ्यांचा जन्म आजही चालू आहे. ढगाच्या मध्यभागी चार तरणे, तापलेले तारे एकमेकांना खेटून आहेत. त्यांचे वय फार तर दहा-वीस लाख वर्षे.

दहा-वीस लाख हा आकडा मोठा वाटत असेल, तर शेकोटीशेजारचा काळा दगड उचलून पाहावा. दख्खनचा हा बेसाल्ट साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा आहे. म्हणजे धुऱ्यावर बसलेल्या माणसाच्या बुडाखालचा दगड डोक्यावरच्या त्या ताऱ्यांपेक्षा कितीतरी पटींनी म्हातारा. शेजारच्या लोणारचे विवर पावणेसहा लाख वर्षांचे मानतात, ते आणि मृगातली ही पोरे त्या मानाने बरोबरीची. आपण मात्र लहानपणापासून तारे अढळ, सनातन आणि माती क्षणभंगुर असेच ऐकत आलो. निदान या एका कोपऱ्यात तरी हिशेब नेमका उलटा आहे.

आणि मग एक जुना प्रश्न नव्याने उभा राहतो. ‘ही सृष्टी कोणी निर्माण केली?’ असे आपण विचारतो. त्यातले ‘केली’ हे क्रियापद पाहा. काम उरकले, कारागीर हात धुऊन निघून गेला, आता आपण तयार वस्तू न्याहाळतो आहोत, असा त्याचा सूर. देव मानणारा आणि न मानणारा, दोघेही याच भूतकाळात भांडतात. एक म्हणतो त्याने केली, दुसरा म्हणतो कोणी केली नाही. काम अजून चालूच असेल तर काय, हे दोघांपैकी कोणी फारसे विचारत नाही.

खगोलशास्त्रालाही हे कळायला वेळ लागला. विसाव्या शतकाच्या पहिल्या चाळीस वर्षांत तारे कसे जळतात याचा बराच उलगडा झाला होता, पण ते सगळे कधीकाळी एकदमच जन्मले की आजही जन्मतात, यावर एकमत नव्हते. आर्मेनियातल्या ब्युराकान वेधशाळेचे व्हिक्टर अंबार्त्सुम्यान यांनी १९४७ साली निळ्या, अतितप्त ताऱ्यांच्या सैल गटांकडे लक्ष वेधले. हे गट इतके विरळ होते, की स्वतःच्या गुरुत्वाकर्षणाने ते बांधलेले राहणे शक्यच नव्हते. काही लाख ते कोटी-दोन कोटी वर्षांत ते पांगणारच. तरीही ते अजून एकत्र दिसतात, याचा अर्थ ते कालपरवाचे आहेत. उंबऱ्यापुढची रांगोळी अजून फिसकटलेली नसेल, तर ती आज सकाळची असते, त्यासाठी ती काढणारीला विचारावे लागत नाही. अंबार्त्सुम्यान यांचा युक्तिवाद याच जातीचा होता. तारे आजही जन्मतात, आणि एकेकटे नव्हे, घोळक्याने जन्मतात. मृगाचा मधला तीन ताऱ्यांचा पट्टा अशाच एका पांगत चाललेल्या मोठ्या गटाचा भाग आहे.

वेदकाळातल्या कुणाला हे ठाऊक होते असा दावा इथे करायचा नाही. मोबाइलवर फिरणाऱ्या तसल्या मजकुरांचा सुकाळ आहे, त्यात भर नको. पण कथेची एक खोड सांगण्याजोगी आहे. ऐतरेय ब्राह्मणात आकाशातला हा मृग म्हणजे स्वतः प्रजापती, सृष्टीचा जनक. तो रोहिणीच्या, म्हणजे आपल्याच लेकीच्या, मागे धावला म्हणून देवांनी व्याधाकरवी त्याला बाण मारवला. तीन ताऱ्यांची ओळ हाच तो तीन कांडांचा बाण. लोकमान्य टिळकांनी १८९३ मध्ये ‘ओरायन’ ग्रंथात याच नक्षत्राच्या आधारे वेदांचा काळ ठरवू पाहिला. कथेतला निर्माता निर्दोष नाही, सुरक्षित नाही आणि निवृत्तही नाही. तो जखमी होऊन अजून पळतो आहे. ज्यांनी ही कथा रचली त्यांना निर्मिती ही आवरून ठेवलेली गोष्ट वाटत नव्हती, एवढे तरी त्यावरून म्हणता येते.

निर्मात्याबद्दलचा हा वाद वाशिम जिल्ह्याला परका नाही, उलट फार जवळचा आहे. वाशिम म्हणजे जुने वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. भास्कराचार्यांनी ११८३ च्या ‘करणकुतूहल’ ग्रंथात पृथ्वीच्या मध्यरेषेवरची जी गावे सांगितली, त्यांत लंका, कांची, उज्जयिनी, कुरुक्षेत्र यांच्या पंक्तीला वत्सगुल्माचे नाव आहे. गावातले मध्यमेश्वराचे देऊळ या रेषेशी जोडले जाते. आजच्या नकाशावर वाशिम उज्जैनच्या पूर्वेला सव्वा अंशाहून थोडे अधिक सरकलेले दिसते, म्हणजे इथे सूर्य उज्जैनच्या पाचेक मिनिटे आधी माथ्यावर येतो. त्या काळच्या साधनांनी एवढी चूक झाली तर तक्रार कसली!

याच भास्कराचार्यांनी ‘गोलाध्याया’त जैनांच्या एका मताची खिल्ली उडवली आहे. जैन ग्रंथांत जंबूद्वीपावर दोन सूर्य आणि दोन चंद्र फिरतात. आचार्यांना ते हास्यास्पद वाटले, आणि ज्योतिषाच्या बाजूने पाहता त्यांचे बरोबरच होते. पण त्याच जैन परंपरेने निर्मितीबद्दल जे विचारले त्याला उत्तर देणे इतके सोपे नव्हते. नवव्या शतकात राष्ट्रकूट राजा अमोघवर्षाच्या काळात जिनसेनाचार्यांनी ‘आदिपुराण’ रचले. त्यात सृष्टिकर्त्यावर एकामागून एक प्रश्न आहेत. सृष्टीच्या आधी तो कुठे होता? साहित्य कुठून आणले? ते साहित्य आधी कुणी केले? तो परिपूर्ण असेल तर काही करावे अशी इच्छा त्याला का झाली? कार्ल सेगन यांना हा उतारा इतका आवडला, की ‘कॉसमॉस’ या १९८० च्या पुस्तकात त्यांनी तो एका प्रकरणाच्या आरंभी छापला.

जिनसेनांशी नाते सांगणाऱ्या सेनगण या जैन परंपरेची गादी याच जिल्ह्यात होती, कारंजा लाडला. सेनगण, बलात्कारगण आणि काष्ठासंघ या तिन्ही परंपरांची जुनी मंदिरे त्या गावात आहेत. तिथल्या ग्रंथभांडारातून अपभ्रंश भाषेतली पुष्पदंतासारख्या कवींची काव्ये १९३० च्या दशकात उजेडात आली. आणि कारंजा हेच नृसिंह सरस्वतींचे जन्मगाव, दत्त संप्रदायाचे मोठे ठिकाण. एका बाजूला कर्ताच नाकारणारे जैन आणि दुसऱ्या बाजूला ब्रह्मा, विष्णू, महेश एकाच देहात पाहणारे दत्तभक्त, एकाच गावात शतकानुशतके नांदले.

वरवर पाहता ही दोन टोके. पण जरा जवळ जाऊन पाहिले तर दोघांनी वेगळ्या भाषेत एक विलक्षण सारखी गोष्ट धरली आहे. जैन दर्शनात जे जे ‘आहे’ त्याची खूण तीन गोष्टी एकत्र असणे ही आहे: उत्पाद, व्यय आणि ध्रौव्य. उपजणे, नासणे आणि टिकणे, तिन्ही एकाच वेळी. जैन आचार्य समंतभद्रांनी त्यासाठी सोन्याचा दाखला दिला. सोन्याचा घट वितळवून मुकुट घडवला. ज्याला घट हवा होता तो दुःखी झाला, ज्याला मुकुट हवा होता तो हरखला, ज्याला केवळ सोने हवे होते त्याला काहीच वाटले नाही. घटना एक, आणि तिघेही खरे. दत्तमूर्तीत हीच तीन कामे तीन मुखांना दिली आहेत, पण धड एकच आहे. पुराणांच्या सर्वसाधारण हिशेबात ती पाळीपाळीने चालतात: ब्रह्मदेवाचा दिवस ४३२ कोटी वर्षांचा, तेवढ्यात सृष्टी, मग तेवढीच रात्र आणि प्रलय. दत्ताच्या मूर्तीत मात्र पाळ्या नाहीत.

मग पाळीपाळीने की एकदम? हा प्रश्न आकाशाला विचारता येतो, आणि तो विचारायला शेजारच्या दीर्घिका फार सोयीच्या आहेत.

आपल्या आकाशगंगेत आपण गर्दीच्या आत उभे आहोत. पोहरादेवीला रामनवमीच्या यात्रेत शिरलेल्या माणसाला समोरच्याची पाठ दिसते, यात्रेचा आकार दिसत नाही. त्यासाठी लांबच्या टेकाडावर चढावे लागते. शेजारच्या दीर्घिका आपण अशा टेकाडावरून पाहतो. त्यांतली देवयानी, पंचवीस लाख प्रकाशवर्षांवरची, कार्तिकातल्या काळोख्या रात्री वाशिमच्या माथ्यापासून थोडी उत्तरेला नुसत्या डोळ्यांनीही पुसट दिसते. तिच्या शेजारच्या त्रिकोण तारकासमूहातल्या दीर्घिकेत एनजीसी ६०४ नावाचा तेजोमेघ आहे, सुमारे दीड हजार प्रकाशवर्षे रुंद. त्यात दोनशेहून अधिक तप्त, अवजड तारे आहेत आणि त्यांचे वय ३५ लाख वर्षांच्या आसपास. मृगातला तेजोमेघ जेमतेम पंचवीस प्रकाशवर्षांचा. अंगणातल्या चुलीपुढे लग्नाघरची भट्टी ठेवावी तसा हा प्रकार.

असे तारे ओळखायला अतिनील किरण लागतात, कारण तरण्या, अवजड ताऱ्यांचा बहुतेक उजेड तिकडेच असतो. ते किरण वातावरण गिळून टाकते. म्हणून २८ सप्टेंबर २०१५ रोजी श्रीहरिकोट्याहून गेलेल्या भारताच्या ‘ॲस्ट्रोसॅट’ उपग्रहावर अतिनील दुर्बिणींची जोडी बसवली होती. बंगळूरच्या भारतीय खगोलभौतिकी संस्थेबरोबर पुण्याच्या ‘आयुका’चाही त्या कामात हात आहे. आरसा अवघा ३८ सेंटिमीटरचा, स्टीलच्या ताटाहून थोडा मोठा. पण त्या तरंगलांबीत आधीच्या अमेरिकी ‘गॅलेक्स’ दुर्बिणीला जिथे एकच धुरकट डाग दिसे, तिथे याने वेगवेगळे पुंजके सोडवून दाखवले. देवयानी आणि एनजीसी ३०० या दीर्घिकांच्या भुजांवरचे निळे पुंजके त्याने असेच वेगळे केले. अवजड तारा वीस-तीस लाख ते काही कोटी वर्षांत संपतो, आपल्या सूर्यासारखा हजार कोटी वर्षे रेंगाळत नाही. त्यामुळे एवढा निळा तारा कुठेही दिसला, तर तिथे नुकतेच बारसे झाले आहे हे नक्की.

पाळीपाळीने की एकदम, याचे सर्वांत बोलके उत्तर दक्षिण आकाशातल्या मोठ्या मॅगेलनी मेघात आहे. ती एक छोटी दीर्घिका, १ लाख ६० हजार प्रकाशवर्षांवर. वाशिमहून ती क्षितिजाला टेकूनच मावळते, दिसत नाही म्हटले तरी चालेल. तिच्यात टॅरंटुला नावाचा अवाढव्य तेजोमेघ आहे. त्याच्या गाभ्यात आर १३६ हा गुच्छ, वय वीस लाख वर्षांच्या आतबाहेर, सूर्याच्या शंभर पटींहून जड तारे बाळगणारा. थोडे बाजूला हॉज ३०१ नावाचा दुसरा गुच्छ, दोन-अडीच कोटी वर्षांचा. त्यातले चाळीसेक तारे स्फोट होऊन कधीच संपले, असा अंदाज आहे. त्या स्फोटांच्या झळा आजूबाजूच्या वायूवर आदळत आहेत, आणि मधल्या काळ्या धुळीच्या गाठींमध्ये, अजून डोळे न उघडलेले, पुढचे तारे वळत आहेत. एकाच छायाचित्रात बाळंतीण, भरला संसार आणि चितेची राख. कारंज्याच्या दत्ताला याहून चांगली तसबीर मिळणे कठीण.

इथे थांबून एक गोष्ट खरखरीतपणे सांगायला हवी. या दृश्याने दत्त सिद्ध होत नाही आणि जिनसेनही जिंकत नाहीत. जैन आगमांत तारे ही ज्योतिष्क देवांची शाश्वत विमाने आहेत. ते साफ चुकले. ब्रह्मदेवाच्या दिवसाचे ४३२ कोटी आणि सूर्याचे वय सुमारे ४६० कोटी, हे आकडे शेजारी ठेवून हरखणारे पुष्कळ भेटतात. पण पुराणातला तो आकडा युगांच्या गणितातून आला आहे, दगडांच्या किंवा उल्कांच्या मापनातून नव्हे. जुने ग्रंथ मापाने तपासले तर बहुतेक पडतात. विचाराच्या ठेवणीने तपासले तर काही उभे राहतात, आणि उत्पाद-व्यय-ध्रौव्य त्यांतले एक.

कारण ताऱ्याच्या जन्मात ‘नवे’ नेमके काय असते? वायू नवा नसतो. त्यातला हायड्रोजन १३८० कोटी वर्षांपूर्वीचा, विश्वाच्या आरंभापासूनचा. नवा असतो तो आकार, दाब, आणि पोटातली भट्टी. मालेगाव तालुक्यातल्या शिरपूरला अंतरिक्ष पार्श्वनाथ आहेत. मूर्ती जमिनीला न टेकता अधांतरी आहे अशी भाविकांची श्रद्धा, आणि पूर्वी खालून घोडेस्वार जाई, आता वस्त्र सरकते, अशी आख्यायिका. चौदाव्या शतकातल्या जिनप्रभसूरींच्या ‘विविधतीर्थकल्पा’त या क्षेत्राची कथा आली आहे. ‘अंतरिक्ष’ म्हणजे मधली जागा, धड इथली नाही, धड तिथली नाही. ताऱ्यांमधली मधली जागाही अशीच आपण रिकामी समजत होतो. ती रिकामी नाही. सरासरीने घन सेंटिमीटरला एखादा अणू, ढगात शेकडो-हजारो. सगळे तारे त्या अंतरिक्षातूनच येतात आणि मेल्यावर बराचसा ऐवज तिथेच परत करतात. सोन्याचा घट आणि मुकुट यांची गोष्ट, फक्त सोनार नाही.

आता त्या तिसऱ्या मुखाकडे, संहाराकडे. त्याचे काम शेजारच्या दीर्घिकांनी फार स्पष्ट केले. एनजीसी ३०० मध्ये २०१९ साली झालेल्या एका अभ्यासात दिसले, की वायूच्या ढगातला दोन-तीन टक्केच ऐवज ताऱ्यांत जातो. अवजड तारे पेटले की त्यांचा उजेड आणि वारे पंधरा लाख वर्षांच्या आसपास तो ढगच उधळून लावतात, स्फोटाची वाटही पाहत नाहीत. ‘फँग्ज’ नावाच्या आंतरराष्ट्रीय पाहणीने २९ जानेवारी २०२४ रोजी वेब दुर्बिणीतून टिपलेली १९ सर्पिल दीर्घिकांची छायाचित्रे प्रसिद्ध केली. त्यांत भुजाभुजांवर फुंकलेल्या बुडबुड्यांसारखी पोकळ वर्तुळे दिसतात. नवजात ताऱ्यांनी पाडलेली ही खिंडारे. बाळ जन्मते आणि पाळणा मोडते. पण ते मोडले नसते तर दीर्घिकेतला सगळा वायू एका झटक्यात ताऱ्यांत खर्च झाला असता आणि पुढच्यांना बियाणेच उरले नसते. हा ब्रेक आहे म्हणून शेजारच्या सर्पिल दीर्घिकांतला रेणुवायू आजच्या वेगाने आणखी दोनेकशे कोटी वर्षे पुरेल.

पण पुरेल म्हणजे संपणारच. इथे मराठी मुलखातली आणखी एक साक्ष आहे, नारायणगावजवळच्या खोडदची जीएमआरटी. तिथल्या तीस तबकड्या हायड्रोजनची क्षीण रेडिओ कुजबुज ऐकतात. पुण्याच्या राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्रातले आदित्य चौधरी, निस्सीम काणेकर आणि सहकाऱ्यांनी ऑक्टोबर २०२० मध्ये निष्कर्ष छापला. ७६५३ दीर्घिकांचे संकेत एकत्र करून त्यांनी आठशे कोटी वर्षांपूर्वीचा हायड्रोजन मोजला होता. तेव्हा तारे इतक्या वेगाने जन्मत होते, की साठा शंभर-दोनशे कोटी वर्षांतच संपला असता. बाहेरून तितकी भर पडली नाही आणि जननाचा वेग घसरला. आज विश्वात तारे ऐन भराच्या काळाच्या साधारण दहाव्या हिश्श्याने जन्मतात. आपल्या आकाशगंगेत वर्षाकाठी दोनेक सूर्यांच्या वजनाचे तारे होतात, देवयानीत एका सूर्याहूनही कमी.

जयंत नारळीकरांचे नाव इथे अटळ आहे. केंब्रिजला फ्रेड हॉइल यांच्याबरोबर आणि पुढे आयुष्यभर त्यांनी मांडले, की द्रव्याची निर्मितीही एकदाच झालेली नाही, ती सतत होते. महास्फोटाची साक्ष देणाऱ्या सूक्ष्मतरंग पार्श्वप्रारणाचा शोध १९६५ मध्ये जाहीर झाल्यावर बहुतेक शास्त्रज्ञ त्या मताला सोडून गेले. नारळीकरांनी १९९३ मध्ये हॉइल आणि बर्बिज यांच्यासह त्याची सुधारित मांडणी केली आणि २० मे २०२५ रोजी निधन होईपर्यंत महास्फोटाबद्दलचा संशय सोडला नाही. द्रव्याबद्दल पुरावा त्यांच्या बाजूने वळला नाही. आकारांबद्दल, ताऱ्यांबद्दल, ‘सतत’ हा शब्द मात्र टिकला, फक्त त्याला ओहोटी आहे.

तेव्हा ‘केली की केली नाही’ या वादात आकाश कोणाच्याच बाजूने साक्ष देत नाही. ते फक्त क्रियापदाचा काळ बदलते. जिनसेनांचा प्रश्न, की साहित्य आधी कुणी केले, तो जसाच्या तसा उभा आहे, आणि त्याला दुर्बिणीतून उत्तर मिळणार नाही. पण सृष्टी म्हणजे आवरून ठेवलेले घर, ही समजूत आता धरून ठेवता येत नाही, भाविकालाही आणि नास्तिकालाही. ती ज्यांनी धरलीच नव्हती, ते पळता प्रजापती रचणारे आणि कारंज्याच्या पोथ्या जपणारे, या बाबतीत आपल्या पुढे होते.

ज्यांना स्वतः पाहायचे आहे त्यांनी जानेवारीच्या मध्याला, अमावस्येच्या आसपास, रात्री दहाला गावाच्या दिव्यांपासून दूर दक्षिणेकडे तोंड करून उभे राहावे. आधी तीन ताऱ्यांची ओळ शोधावी, मग तिच्याखालचा धुरकट ठिपका. पोरांच्या हाती एखादी साधी दुर्बीण द्यावी. पिकाला पाणी द्यायला गेलेल्यांना वेगळे जागायची गरज नाही.